झीज आणि लपवणूक

जुनी गाडी घेण्याआधी मिस्तरीला सोबत नेणारे थोडे. गाडी दारात उभी राहिल्यावर त्याला गाठणारे पुष्कळ. धरणगावात चोपडा रस्त्यावर माझं गॅरेज आहे. पिकअप, छोटा हत्ती, ट्रॅक्टर ही रोजची कामं. कापूस घरात यायला लागला की त्यात एका वेगळ्या गिऱ्हाइकाची भर पडते, दसऱ्याच्या नाहीतर धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर जुनी गाडी घेतलेल्या माणसाची. गाडीच्या तोंडावर झेंडूची माळ अजून असते, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक असतं आणि मालक म्हणतो, "भाऊ, जरा पाहा बरं, गाडी धूर सोडी राह्यनी."

इंजिन खोलणं हा या कामातला सोपा भाग. अवघड भाग पुढचा, जेव्हा मालक म्हणतो, "माझ्यासोबत डीलरकडे चला." मिस्तरीनं अशा भानगडीत पडू नये, असं आमच्या धंद्यातले पुष्कळजण सांगतात. डीलरशी वाकडं आलं की त्याच्याकडून येणारी कामं थांबतात. माझीही थांबली आहेत. तरी मी जातो, कारण त्या गाडीच्या आत काय आहे हे मी डोळ्यांनी पाहिलेलं असतं आणि ते सांगणारा दुसरा कुणी नसतो.

इथल्या माणसाला गाडी का लागते ते आधी सांगतो. धरणगाव सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे, पण जळगाव-धुळे महामार्ग गावातून जात नाही. तो पाळधीला किंवा एरंडोलला जाऊन गाठावा लागतो. उत्तरेला तापी ओलांडली की चोपड्याकडचा केळीचा पट्टा. अलीकडे कापूस, मका, भाजीपाला. शेतातला माल जिनिंगला, जळगावच्या मार्केटला किंवा केळीच्या मोठ्या ट्रकपर्यंत न्यायचा तर पिकअपच लागते. दोन भावांच्या घरात एक जण शेती पाहतो, दुसरा गाडी चालवतो, आणि कोरडवाहूचं उत्पन्न हुकलं तर गाडीचं भाडं घर सांभाळतं. नवी पिकअप अशा घराला झेपत नाही. म्हणून जुनी घेतात, तीही बहुतेक वेळा फायनान्सवर, आणि जुन्या गाडीचं व्याज नव्या गाडीपेक्षा चढं असतं. शिवाय सुरत जवळ. उधना-लिंबायतकडे आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं वसली आहेत. त्यांच्या ओळखीतून गुजरात पासिंगच्या गाड्याही इकडे येतात. त्यांची एनओसी, इथला टॅक्स, नवं पासिंग ही सगळी कामं मागाहून घेणाऱ्याच्या गळ्यात पडतात.

तेव्हा हप्ता सुरू झालेला, हंगाम तोंडावर आलेला आणि गाडी धूर सोडते आहे, अशा अवस्थेत माणूस माझ्यासमोर उभा असतो. तो चिडलेला असतो. त्याला गाडीतलं सगळंच खोटं वाटू लागतं: टायर, क्लच, हॉर्न, सीटचं फाटलेलं कव्हर. हीच यादी घेऊन तो डीलरकडे जातो आणि डीलर एका वाक्यात त्याला परत पाठवतो, "जुन्या गाडीला गॅरंटी कुठं असते?"

या दोघांच्या मध्ये उभा राहून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. जुन्या गाडीत खोट दोन तऱ्हेची असते, एक झिजेची आणि एक लपवलेली. क्लच प्लेट घासलेली असणं, टायर उतरलेले असणं, मागचे पाटे बसलेले असणं ही झीज. ती किमतीत धरलेली असते आणि ती घेणाऱ्यानं सोसायची असते. रिंगा संपलेल्या इंजिनात जाड ऑइल ओतून धूर दाबायचा, मीटर मागे घ्यायचं, तडकलेल्या चासीला वेल्डिंग मारून वरून रंग द्यायचा, ही झीज नव्हे. ते कुणीतरी हातानं केलेलं आहे. त्याचा भार घेणाऱ्यावर टाकणं अन्याय आहे, आणि हे मी डीलरच्या ऑफिसात बसून त्याच्या तोंडावर म्हणतो.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा सौदा करताना जाणता माणूस आधी दात पाहतो, कारण वयाबद्दल मालक काहीही सांगो, दात खरं सांगतात. गाडीचंही तसंच आहे. मीटरवर 60 हजार दिसत असतील आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत होऊन लोखंड दिसत असेल, तर खरं पेडल बोलतं. स्टेअरिंगची चकाकी, ड्रायव्हरच्या दाराची ढिली बिजागरी, गिअरच्या दांड्यावरचे पुसलेले आकडे हे सगळं वाचता येतं. टायरच्या बाजूला चार आकडी छाप असतो; पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडी 2018 ची, "ओरिजिनल टायर" असं सांगितलेलं आणि टायरवर 2021 चा छाप, तर पहिला संच कुठेतरी झिजून गेला आहे. बोनेटच्या आणि दाराच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा दिसल्या तर ते पार्ट एकदा उतरले आहेत. चाकाच्या वरच्या पत्र्यावर बोटं आपटली आणि आवाज बद्द आला तर आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे.

आता ज्या सौद्यामुळे हा विषय माझ्या मनात घर करून बसला, तो सांगतो.

सोनवदकडचा एक तरुण. वडील शेतकरी, हा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. महामार्गालगतच्या एका डीलरकडून त्यानं 2018 ची पिकअप घेतली. डीलरनं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले होते आणि खाली लिहिलं होतं: 64 हजार रनिंग, एका हाताची गाडी, इंजिन सीलपॅक, अ‍ॅक्सिडेंट नाही. बयाणा दिला, फायनान्स झालं, गाडी घरी आली. रिकामी चालत होती तोवर अगदी शांत. कापसाचं पहिलं भाडं घेऊन चढावर आली आणि मागून निळा धूर. धरणगावात पोचेपर्यंत ऑइलची पट्टी खालच्या खुणेच्याही खाली गेलेली.

मी गाडी चालू ठेवून ऑइल भरण्याचं झाकण काढलं. वाफ भक्कन वर आली. याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. जळालेला वायू पिस्टनच्या वर राहायचा तो रिंगांच्या बाजूनं खाली ऑइलच्या टाकीत उतरतो. काळा धूर असेल तर नोझल, पंप, एअर फिल्टर यांच्याकडे पाहायचं, पांढरा असेल तर कच्चं डिझेल नाहीतर पाणी. निळा म्हणजे ऑइल जळतं आहे. पट्टीवरचं ऑइल बोटावर घेतलं तर ते या इंजिनाला लागतं त्याहून पुष्कळ जाड. जाड ऑइलनं संपलेल्या रिंगाही काही काळ झाकल्या जातात, आवाज दबतो, धूर कमी दिसतो. लोड पडला आणि इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं आणि मग काहीच झाकलेलं राहत नाही.

तरुण म्हणाला, "दादा, आत्ताच खोला. भाडी बुडताहेत." मी खोललं नाही. या धंद्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे आणि तो मी प्रत्येक मिस्तरीला सांगतो. डीलरला कळवल्याशिवाय इंजिन उघडलं, की त्याच्या हातात आयतं उत्तर जातं: तुम्हीच खोलून बिघडवलं. मी कॉम्प्रेशन गेज लावलं, चारही सिलिंडरचे आकडे गॅरेजच्या बिलावर तारखेसह लिहिले. झाकण काढल्यावर येणारी वाफ आणि मीटरचा आकडा एकाच व्हिडिओत येईल असं चित्रीकरण केलं. ऑइल थोडं काढून स्वच्छ बाटलीत भरलं, बाटलीवर चिठ्ठी लावली. दाराच्या खांबावर आतल्या बाजूला ऑइल बदलल्याचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं होतं. त्यावर पुढच्या सर्व्हिसचा आकडा शिल्लक होता: 1 लाख 30 हजार. 64 हजार चाललेल्या गाडीला 1 लाख 30 हजारांची सर्व्हिस कशी येईल?

मग आम्ही कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गेलो. चासी नंबर दिला, आरसी दाखवली आणि गाडीचा जुना सर्व्हिस रेकॉर्ड मागितला. शेवटची नोंद 1 लाख 21 हजार किलोमीटरची, 2022 मधली. त्याचा कागद मिळाला. तो तरुण तो कागद हातात धरून बराच वेळ बोललाच नाही.

डीलरकडे आम्ही तिघं गेलो, मी, तो आणि त्याचे वडील. वडिलांना सगळे आबा म्हणतात. डोक्याला टोपी, हातात पिशवी. आबांनी कागद काढलाच नाही. ते एवढंच म्हणाले, "तुम्हना शब्दवर गाडी लिधी, शेठ."

शेठनं चहा मागवला. वाईट बोलला नाही. हे डीलर वाईट बोलत नाहीत. पावती काढून दाखवली. खाली छापलेलं होतं, गाडी जशी आहे तशी, ट्रायल घेऊन, समाधान करून विकली. "मिस्तरी, तुम्ही धंद्यातले आहात. ट्रायल यांनी घेतली. स्वतः ड्रायव्हर आहे. आता लोड टाकून हाणली, त्याला मी काय करू?"

मी म्हणालो, "क्लचचं मी काही बोलत नाही. टायरचं बोलत नाही. पाटे बसलेत, त्याचंही नाही. ती झीज आहे, ती यांची. मला फक्त मीटरचं आणि ऑइलचं सांगा."

त्यावर तो थोडा गप्प बसला. मग त्यानं जे सांगितलं ते खरंही असेल. गाडी त्याला दुसऱ्या दलालाकडून याच मीटरसह आली होती, त्यानं स्वतः मीटरला हात लावला नव्हता, त्यालाही 64 हजारच सांगितले होते. या धंद्यात गाडी तीन-तीन हातांतून फिरते. पहिल्या मालकानं कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून दिलेल्या असतात, फॉर्म 29 आणि 30 वर, आणि त्या सह्यांच्या जोरावर गाडी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मधल्या कुणाचंच नाव आरसीवर चढत नाही. मीटर कुठल्या हातानं मागे घेतलं हे शोधायला गेलं तर वाट हरवते. शेठ शेवटी म्हणाला, "दहा हजार देतो, ओळखीखातर. विषय मिटवा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही.

परत आल्यावर आम्ही एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. ते ग्राहक पंचायतीचं काम करतात. ग्राहक पंचायत बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात सुरू केली, ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा व्हायच्या बारा वर्षं आधी, हे मला त्यांच्याचकडून कळलं. गुरुजींनी सगळे कागद पाहिले आणि पहिला प्रश्न मला अनपेक्षित असा विचारला: "गाडी हा स्वतः चालवतो, की ड्रायव्हर ठेवला आहे?"

त्या प्रश्नाला कारण होतं. धंद्यासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहक कायद्याखाली सहसा ग्राहक ठरत नाही, आणि विरुद्ध बाजूचा वकील पहिला आक्षेप तोच घेतो. पण स्वतःच्या कष्टानं पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर तो ग्राहकच. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये ट्रकचंच उदाहरण दिलं आहे: स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा ग्राहक आहे, आणि ज्याची गाडी पूर्णपणे दुसराच चालवतो तो नाही. आमचा तरुण स्वतः स्टेअरिंगवर होता.

मग गुरुजी पावतीवरच्या त्या छापील ओळीकडे वळले. मला वाटलं होतं, ट्रायल घेतली असं लिहून सही दिली म्हणजे दार बंद झालं. तसं नाही. मालविक्रीचा 1930 चा कायदा सांगतो, की त्याच मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावर माल घेतला तर तो विकण्याजोग्या दर्जाचा असायला हवा. घेणाऱ्यानं माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांची तक्रार त्याला नंतर करता येत नाही. म्हणजे जे दिसण्यासारखं होतं ते घेणाऱ्याचं, जे दिसण्यासारखं नव्हतं ते त्याच्यावर ढकलता येत नाही. आणि माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं याला 1872 च्या करार कायद्यात फसवणूक म्हटलेलं आहे. मी गॅरेजमध्ये हातांनी काढलेली रेषा इंग्रजांच्या काळातल्या कायद्यात आधीच ओढलेली होती. हे ऐकून मला जे वाटलं ते सांगता येणार नाही. एवढी वर्षं डीलर लोक "कायद्यात काही नाही" म्हणत होते आणि मी ऐकून घेत होतो.

मधल्या दलालाचं काय, हेही मी विचारलं. गुरुजींनी गोव्याचा एक निकाल सांगितला. तिथल्या एका ग्राहकानं 2011 चं मॉडेल म्हणून पैसे भरले आणि डीलरनं त्याच्यापुढे 2009 ची, आधीच सहाशेहून जास्त किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली गाडी आणून उभी केली. त्यानं ती घेतली नाही, तो लढला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2021 च्या निकालात टाटा मोटर्सवरची जबाबदारी काढली गेली, कारण डीलरनं काय केलं हे कंपनीला ठाऊक होतं असं सिद्ध झालं नाही. डीलरवरची जबाबदारी मात्र राहिली. ती गाडी नवी म्हणून विकली जात होती, आमची जुनी, फरक आहेच. पण समोर बसून ज्यानं वर्णन केलं आणि पैसे घेतले, त्याला मागच्याकडे बोट दाखवून सुटता येत नाही, हे आम्हाला पुरेसं होतं.

नोटीस गुरुजींनी लिहिली, मी फक्त तांत्रिक भाग सांगितला. त्यात एकही शिवी नव्हती, एकही धमकी नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवरचं वर्णन जसंच्या तसं, त्याखाली वर्कशॉपच्या रेकॉर्डमधला आकडा, कॉम्प्रेशनचे आकडे, ऑइलबद्दल दोन ओळी, दुरुस्तीचा अंदाज 80 हजार, आणि ठरावीक मुदतीत प्रतिनिधी पाठवून गाडी तपासा, त्यानंतर इंजिन उघडलं जाईल, असं कळवलेलं. रजिस्टर पोस्टानं पाठवली. टायर, क्लच, पाटे यांचा उल्लेखही करायचा नाही हा माझा आग्रह होता. तरुणाला ते पटत नव्हतं. त्याला सगळंच मागायचं होतं. पण खऱ्या तक्रारीत खोटी मिसळली की खरीही कुणी ऐकत नाही.

तक्रार करायला जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. 2019 च्या कायद्यानं एक मोठी सोय केली आहे: डीलर कुठलाही असो, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार चालते. सुरतेहून गाडी आणलेल्यालाही ती जळगावला करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्ह्यातच, आणि मुदत दोन वर्षांची. हे मी आता गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ सांगतो.

नोटिशीनंतर शेठचा फोन आला. आवाज तोच, पण बोलणं बदललेलं. त्यानं त्याचा मिस्तरी पाठवला. तो माझ्या ओळखीचा निघाला. आम्ही दोघांनी मिळून इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनची रिंग तुटलेली, बाकीच्या चिकटलेल्या, लायनरला वरच्या बाजूनं नख अडकेल अशी पायरी पडलेली. त्या मिस्तरीनं ते पाहिलं, हात पुसले आणि शेठला माझ्यासमोर फोन लावून सांगितलं, "शेठ, हे इंजिन 64 हजारांचं नाही." धंदा ज्याच्याकडून मिळतो त्याला हे सांगणं सोपं नसतं. त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे.

शेवटी 45 हजारांवर तोड झाली. वरून पहिल्या मालकाच्या फायनान्स कंपनीचा बोजा आरसीवर तसाच होता, तो स्वतःच्या खर्चानं उतरवून देण्याचं शेठनं लेखी दिलं आणि उतरवूनही दिला. गुरुजींना हा समेट पसंत नव्हता. त्यांचं म्हणणं, मीटरचा पुरावा इतका सरळ आहे की आयोगात गेलंच पाहिजे, पूर्ण खर्च आणि नुकसानभरपाई मागितलीच पाहिजे, नाहीतर हीच गाडी उद्या दुसऱ्याला अशीच विकली जाईल. ते बरोबर होतं. पण निकाल यायला वेळ लागतो, तोवर गाडी पुराव्यासाठी तशीच उभी ठेवायची की दुरुस्त करून चालवायची हा पेच असतो, आणि कापसाचा हंगाम कुणासाठी थांबत नाही. हप्त्याची तारीख तर नाहीच. तरुणानं 45 हजार घेतले. त्याला मिळायला हवे होते त्याहून ते कमी होते, हे माझं मत मी त्याला सांगितलं आणि निर्णय त्याच्यावर सोडला. हप्ता त्याला भरायचा होता.

कागदांबद्दल थोडं. इंजिनाची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांची आरसी अजून जुन्याच मालकाच्या नावावर असते, आणि त्यांना त्याची काळजी वाटत नाही, गाडी आपल्या दारात आहे ना, बस. जुन्या मालकाला तर अजिबातच वाटत नाही. पण 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं आहे, की गाडी विकली तरी आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. त्या प्रकरणातली गाडीही एका हातातून दुसऱ्या हातात अशीच फिरत गेली होती. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विम्याचा थर्ड पार्टीचा भाग नव्या मालकाकडे आपोआप जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग अर्ज करून नावावर करून घ्यावा लागतो, तोही 14 दिवसांत.

या कोऱ्या सह्यांच्या फिरवाफिरवीवर सरकारनं उपायही केला आहे. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते पाच वर्षांसाठी असतं. मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याचं पोर्टलवर कळवलं, की विकली जाईपर्यंत त्या गाडीचा मालक डीलरच मानला जातो. नियम चांगला आहे, कारण मधला माणूस त्यामुळे कागदावर येतो. मी आता कुणासोबत गाडी पाहायला गेलो की आधी हे अधिकारपत्र मागतो. मोठ्या ठिकाणी ते भिंतीवर लावलेलं दिसतं. रस्त्याकडेच्या पुष्कळ जागी माझ्याकडे असं पाहतात, जणू मी भलतंच काही मागितलं.

डीलरांची बाजू मी समजतो. त्यांचं भांडवल गाडीत अडकलेलं असतं, दर महिन्याला गाडीची किंमत उतरते, आणि गिऱ्हाइकं खरोखरच कधीकधी गाडी निष्काळजीपणे हाकून, ऑइल न पाहता, पाणी न पाहता इंजिन जाळून आणतात आणि दोष विकणाऱ्यावर टाकतात. आमच्याकडचा उन्हाळा 45 अंशांच्या वर जातो. एप्रिलमध्ये रेडिएटरकडे दुर्लक्ष झालं की चांगल्या गाडीचं हेड गॅस्केट जातं. अशा मालकाला मी डीलरकडे नेत नाही, त्याची चूक त्याला सांगतो. म्हणूनच तर डीलरनं खोट आधी लिहून द्यावी असं मी म्हणतो. "इंजिन ऑइल खातं, काम निघेल, म्हणून 40 हजार कमी" असं पावतीवर लिहिलं तर घेणारा ती गाडी घेईल, डोळे उघडे ठेवून घेईल, आणि पुढे भांडण उरणार नाही. माझ्या ओळखीचा एक डीलर आता तसं लिहून देतो. त्याच्या गाड्या थोड्या उशिरा विकल्या जातात, पण त्यानं विकलेल्या गाडीवरून वाद करायला मी अजून कुणासोबत गेलेलो नाही.

जे कुणी येत्या हंगामात जुनी गाडी घेणार असतील त्यांना माझी विनंती आहे. पावतीवर मीटरचा आकडा, इंजिनाबद्दल तोंडी सांगितलेलं प्रत्येक वाक्य आणि बोजा कोण उतरवणार हे लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं वर्णन आणि फोटो पुसू नका. गडबड वाटली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. आणि आपल्या ओळखीच्या मिस्तरीला सोबत न्या, सकाळी लवकर न्या. डीलरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, आम्हाला थंड इंजिन पाहायचं आहे.